ऑइल प्रेशर स्विच आणि ऑइल प्रेशर सेन्सर: बदलण्याआधी ओळखायचे कसे?

माझ्दाची एमएक्स-५ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार १९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मियाटा या नावाने आणि जपानमध्ये सुरुवातीला युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. तिच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशर दाखवणारा एक काटा असतो. या पहिल्या पिढीच्या अमेरिकी बाजारातील १९९० ते १९९४ च्या गाड्यांत तो काटा इंजिनातील तेलाचा खरा दाब दाखवतो. १९९५ पासूनच्या गाड्यांत मात्र काटा जागच्या जागी ठेवून त्यामागची व्यवस्था बदलण्यात आली. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक सहज लक्षात येत नाही, आणि म्हणूनच जुनी गाडी घेतलेले अनेक जण चुकीचा भाग मागवतात किंवा त्याहून वाईट म्हणजे काट्यावर नको तितका विश्वास ठेवतात.

आधीच्या गाड्यांत इंजिनच्या ब्लॉकवर जो भाग बसवलेला असतो तो सेन्सर, ज्याला जुने मेकॅनिक सेंडर म्हणतात. तेलाच्या दाबाने त्याच्या आतला पातळ पडदा जितका ढकलला जातो, तितका त्यातून जाणारा विद्युत संकेत बदलतो आणि काटा त्या प्रमाणात वर-खाली होतो. नंतरच्या गाड्यांत त्याच कामासाठी स्विच आहे. स्विचला दोनच अवस्था ठाऊक असतात: दाब ठरावीक किमान पातळीच्या वर आहे किंवा नाही. ही पातळी फारच खालची, म्हणजे मोजक्या पीएसआयची (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) असते. तेवढा दाब आला की काटा मध्यभागी जाऊन स्थिर उभा राहतो आणि इंजिन बंद होईपर्यंत तिथेच राहतो.

या स्थिरतेचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. ढोबळ नियम असा, की गरम इंजिनात दर हजार आरपीएमला (इंजिनचे दर मिनिटाचे फेरे) साधारण १० पीएसआय दाब असावा. समजा, पंप झिजल्यामुळे किंवा तेल कमी झाल्यामुळे ५,००० आरपीएमला दाब जेमतेम १५ पीएसआय राहिला आहे. सेन्सरवाल्या गाडीत काटा खाली येऊन चालकाला सावध करील. स्विचवाल्या गाडीत तो मध्यावरच उभा राहील, कारण १५ पीएसआय हा स्विचच्या दृष्टीने पुरेसा दाब आहे, आणि बेअरिंगचे नुकसान होत असताना समोरचे चित्र मात्र निर्धास्त दिसेल. ज्यांना ही गाडी रेसट्रॅकवर न्यायची आहे, त्यांनी अशा काट्याच्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी खरा दाब मोजणारा स्वतंत्र गेज बसवावा.

उलट बाजूनेही गैरसमज होतो. खरा काटा असलेल्या गाडीत इंजिन तापून तेल पातळ झाले आणि गाडी सिग्नलला उभी राहिली, की काटा बराच खाली येतो. ते स्वाभाविक आहे आणि केवळ त्यावरून सेन्सर बिघडला असे ठरवता येत नाही.

आपल्या गाडीत कोणता भाग आहे हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर ॲक्सिलरेटर हळूहळू दाबून पाहणे. काटा आरपीएमबरोबर सरकत असेल तर सेन्सर आहे. तो जराही हलत नसेल तर स्विच असण्याची शक्यता जास्त. शिवाय सेन्सर डब्यासारखा मोठा असतो, तर स्विच त्याहून बराच लहान असतो. तरीही सुटा भाग मागवताना मॉडेलचे साल सांगावेच, आणि आधीच्या मालकाने इंजिन किंवा डॅशबोर्डचा मीटर बदलला आहे का, हेही विचारावे. खऱ्या काट्यासाठी स्विच बसवला तर दाबाचे मापन मिळणार नाही, आणि स्विचसाठी बनवलेल्या मीटरला सेन्सर जोडला तर जे दिसेल त्याला अर्थ राहणार नाही.

काटा एकाएकी शून्यावर आला तर प्रथम इंजिन बंद करावे आणि तेलाची पातळी पाहावी. भाग सदोष आहे असे मानून गाडी तशीच चालवणे ही सर्वांत महागडी चूक ठरू शकते. पातळी बरोबर असेल तर सेन्सर काढून त्याच छिद्रात यांत्रिक गेज लावावा आणि दाब प्रत्यक्ष मोजावा. तो योग्य निघाला तरच दोष सेन्सरचा, वायरचा किंवा मीटरचा. कनेक्टर तेलाने भिजलेला असेल तर आतला पडदा फाटल्याची ती जवळजवळ खात्रीची खूण असते.

बदलण्याचे काम दोन्ही भागांसाठी जवळपास सारखेच आहे. हा भाग इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, ऑइल फिल्टरच्या परिसरात असल्यामुळे हात पोहोचणे कठीण जाते आणि गाडी स्टँडवर घेऊन खालून काम करणे सोयीचे पडते. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवावी, वायर न ओढता कनेक्टर धरून काढावा आणि पाना फक्त षटकोनी भागावरच लावावा, कारण डब्यावर जोर दिला तर तो पिळला जातो. सगळे तेल काढण्याची गरज नसते. थोडेसे सांडते, तेवढ्यासाठी कापड ठेवावे.

आटे हा इथला सर्वांत नाजूक मुद्दा आहे. मूळ भागाला १/८ इंचाचे ब्रिटिश मापाचे निमुळते आटे असून ते इंचाला २८ असतात. बाजारातल्या अनेक गेजसोबत येणाऱ्या सेन्सरचे आटे अमेरिकी मापाचे, म्हणजे इंचाला २७ असतात. पहिले काही फेरे ते व्यवस्थित बसल्यासारखे वाटतात आणि मग अडतात. तिथे जोर लावला तर ब्लॉकचे आटे खराब होतात. म्हणून योग्य ॲडॉप्टर वापरावा. एकाच वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते, त्यामुळे टेफ्लॉन टेपचे जाड वेढे न देता सीलंटचा पातळ थर, टोकाचे एक-दोन आटे मोकळे सोडून, लावावा. निमुळते आटे कसत गेल्यावर पाचरीसारखे काम करतात, म्हणून वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपेक्षा (कसण्याच्या जोरापेक्षा) जास्त कसू नयेत. नंतर इंजिन सुरू करून गरम होईपर्यंत चालू ठेवावे आणि बंद केल्यावर जोडाभोवती कोरडा कागद फिरवून गळती आहे का, ते पाहावे.