मांजराचा पार्वो: फिनेलने जात नाही

पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय, पण पाणी पीत नाही, असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजराचा पार्वो हा विषाणूचा आजार, असू शकतो. लागण झाल्यावर 2 ते 10 दिवसांत ताप 104 फॅरेनहाइटच्या वर जातो, खाणं सुटतं, फेसाळ किंवा पिवळ्या उलट्या होतात. जुलाब मागाहून लागतात, काहींना लागतही नाहीत. लहान पिल्लं तर काहीच न दाखवता रात्रीतून जातात आणि गल्लीत ‘कुणीतरी विष घातलं’ अशी चर्चा होते.

हा विषाणू आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा पोखरतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि थोडं थोडं खाणं, यांवर पहिले चार-पाच दिवस निभावले तर बरं होण्याची आशा वाढते. घरी पॅरासिटामॉल देऊ नका, माणसाची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते. उलट्या चालू असताना तोंडात दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

आता घराचं. आमच्या दवाखान्यात येणाऱ्यांच्या सगळ्यांत जास्त चुका इथेच, सफाईत, दिसतात. हा विषाणू घरात वर्षभर तग धरतो. फिनेल, डेटॉल, सॅनिटायझर यांवर विसंबू नका. फिनेल तर मांजरालाच विषारी. लागतं ते साधं ब्लीच, बाटलीवर 4 ते 6 टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं.

आधी शी, उलटी, मूत साबणाच्या पाण्याने पूर्ण धुऊन काढा. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं, आणि मुतावर पडलं तर घशाला झोंबणारा वायू सुटतो. मग 1 लिटर पाण्यात 30 मिली ब्लीच, म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 300 मिली. फरशी 10 मिनिटं ओली राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा. रोज ताजं मिश्रण करा, खिडक्या उघड्या ठेवा, संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीच मिसळू नका. वाट्या, पिंजरा, चपलांचे तळवेही याच पाण्याने. गोणपाट, टोपली, जुनी गादी मात्र टाकूनच द्या.

खानापूरकडच्या घरांत शेणाने सारवलेली जमीन असते. तिथे ब्लीच चालत नाही, परड्यातल्या मातीतही नाही. अशा घरात हा आजार होऊन गेला असेल, तर लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणूच नये, मग कोल्हापूरहून आणलेलं पर्शियन असो की गल्लीतलं.

लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर 3-4 आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत चालते. ‘एक टोचलं, झालं’ असं होत नाही. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या डोसाला निष्प्रभ करू शकतं, म्हणून शेवटचा डोस सगळ्यांत महत्त्वाचा. पुढचा 6 महिने ते 1 वर्षाच्या वयात, नंतर या आजारापुरता दर 3 वर्षांनी. रेबीजची लस वेगळी. मांजरी गाभण असेल तर आधी सांगा, जिवंत विषाणूची लस तिला देत नाहीत. गाभणपणात हा आजार झाला तर पिल्लं डुलत, झोकांड्या खात चालणारी जन्मतात. तशी पिल्लं वाढतात, त्यांना टाकू नका.

बरं झालेलं मांजरही सहा आठवड्यांपर्यंत विष्ठेतून विषाणू सोडू शकतं. तोवर इतर मांजरांपासून वेगळी खोली, वेगळी वाटी. माणसाला हा आजार होत नाही, पण हात-कपड्यांवरून तो दुसऱ्या मांजरापर्यंत जातो.

आजारी मांजर दवाखान्यात झाकणाच्या खोक्यातून आणा आणि बाहेरूनच हाक मारा. बाकावर खोकं ठेवू नका, तिथे दुसऱ्यांची पिल्लं बसलेली असतात.