किनारा दिसेचना

डोळे मिटा आणि समजा की तुम्ही एका मस्त बीचवर पांढऱ्या वाळूत आडवे पडलाय. दिसला ना लगेच? आपल्याकडचे असाल तर एखादा भेळवालापण येऊन उभा राहिला असेल. लंडनमधे हेच पाच पेशंट्सना सांगितलं, सगळ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस खराब झालेला, आणि पाचपैकी चौघांना धड चित्रच उभं करता येईना. एकाला निळं आकाश आणि पांढरी वाळू, बस, एवढंच. हिप्पोकॅम्पस आठवणींचं खातं सांभाळतो हे माहीत होतंच, पण न घडलेली गोष्ट रंगवायलाही तोच लागतो ही गंमत २००७ साली कळली.

प्रयोग करणारा होता डेमिस हसाबिस. हा गडी मूळचा बुद्धिबळवाला, मग १७व्या वर्षी थीम पार्क नावाच्या कॉम्प्युटर गेमवर काम, मग केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्स, मग स्वतःची गेम कंपनी, आणि ती बंद करून चक्क मेंदूवर पीएचडी करायला युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधे मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांच्याकडे.

तिथे हातात आलं एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना त्याचं चित्र काढणारं स्कॅनिंग. लोकांना वाटतं त्यात विचार दिसतात, तसं काही नसतं हो, दिसतं ते रक्त. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं, मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं आणि गडबड कमी होते, तेही पाचेक सेकंद उशिराने! असल्या उशिरा येणाऱ्या, धूसर सिग्नलवरून २००९ मधे त्याच्या टीमने, माणूस कॉम्प्युटरवरच्या खोलीत कुठल्या कोपऱ्यात उभा आहे हे ओळखून दाखवलं. मला तर हाच प्रयोग जास्त भारी वाटतो.

२०१० मधे डीपमाइंड, हसाबिसने सोबत्यांबरोबर काढलेली एआय कंपनी. उंदीर झोपेत दिवसभराचे रस्ते पुन्हा गिरवतो, हिप्पोकॅम्पसमधेच, तसं यांच्या न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून स्वतः शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) त्याचेच जुने डाव परत परत दाखवत अटारीचे, म्हणजे जुन्या जमान्यातले, ४९ व्हिडिओ गेम शिकवले. (ही आयडिया मेंदूतूनच उचलली असं सरसकट म्हणू नका बरं का, कॉम्प्युटरवाल्यांकडे ती १९९२ पासून होती.) बऱ्याच गेममधे त्या नेटवर्कने माणसाला गाठलं. पण माँटेझुमाज रिव्हेंज नावाचा एक गेम आहे, चावी कुठे, दार कुठे, शिडी कधी उतरायची, सगळं आधीच डोक्यात रंगवावं लागतं. तिथे त्याचा स्कोर शून्य.