ओव्हनविना चीजकेक आणि थिजण्याचे शास्त्र

ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी ओट्यावरच्या बरणीतले साजूक तूप तेलासारखे पातळ झालेले असते आणि तीच बरणी जानेवारीतल्या पहाटे उघडली, तर आत चमच्याने कोरून काढावे लागणारे पांढुरके, रवाळ तूप दिसते. बरणीत कोणी काही घातलेले नसते, काढलेलेही नसते. हवेचे तापमान तेवढे उतरलेले असते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिच्याकडे विज्ञान म्हणून सहसा कोणी पाहत नाही. परंतु ओव्हन न लावता घरी केलेला व्हाइट चॉकलेट चीजकेक कशाच्या आधाराने उभा राहतो, असे विचारले तर त्याचे उत्तर याच बरणीत सापडते.

ओव्हनमध्ये भाजलेल्या चीजकेकला अंड्यांचा आधार असतो. साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान अंड्यांतील प्रथिने उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचे जे जाळे तयार होते ते पुन्हा कधी सुटत नाही. उकडलेले अंडे थंड केल्याने कच्चे होत नाही, ते यामुळेच. न भाजता केलेल्या चीजकेकमध्ये अंडेही नसते आणि उष्णताही नसते. तिथे तीन निरनिराळे स्निग्ध पदार्थ थिजतात आणि मिश्रणाला धरून ठेवतात: तळाशी लोणी, वरच्या थरात दुधाची साय, आणि चॉकलेटमधले कोको बटर. हे थिजणे मात्र कायमचे नसते. उष्णता मिळाली की ते सुटते, आणि ठाण्याच्या हवेत उष्णता मिळायला फार वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच हा पदार्थ करताना मापांपेक्षाही तापमानाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रमाण सांगायचे तर १८ सेंटिमीटर व्यासाच्या, तळ सुटा होणाऱ्या भांड्यासाठी १५० ग्रॅम मारी किंवा डायजेस्टिव्ह बिस्किटे, ७५ ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम क्रीम चीज, २०० ग्रॅम व्हाइट चॉकलेट, २०० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम आणि एक चहाचा चमचा लिंबाचा रस पुरतो. साखर वेगळी घालावी लागत नाही, कारण व्हाइट चॉकलेटमध्ये साधारण निम्मा भाग साखरच असते.

व्हाइट चॉकलेट हे नाव अनेकांना फसवे वाटते, कारण त्यात कोकोची तपकिरी भुकटी मुळीच नसते. त्यात असते ते कोकोच्या बियांतून निघालेले फिकट पिवळे कोको बटर, दुधाची भुकटी आणि साखर. युरोपीय संघात आणि अमेरिकेत या नावाने विकायच्या मालात किमान २० टक्के कोको बटर आणि किमान १४ टक्के दुधातील घन पदार्थ असावे लागतात. आपल्याकडे केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लाद्यांपैकी एकीवर चॉकलेट आणि दुसरीवर कंपाउंड असे लिहिलेले असते, तेव्हा घटक पदार्थांची यादी अवश्य वाचावी. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, बहुधा पाम कर्नेल तेल, असते. ते स्वस्त असते, हाताळायला सोपे असते आणि त्याने केकही थिजतो. पण तोंडात ते नीट विरघळत नाही आणि टाळूवर मेणासारखा थर राहतो. ज्या पदार्थाची सारी गोडी विरघळण्यात आहे, त्यात हा थर मला तरी खटकतो.

कोको बटरचा गुणच मोठा विलक्षण आहे. त्याचे रेणू एकमेकांजवळ सहा वेगवेगळ्या प्रकारांनी रचले जाऊ शकतात आणि प्रत्येक रचनेचा वितळणबिंदू निराळा असतो; पहिली रचना १७ अंशांच्या सुमारास वितळते, तर चॉकलेटच्या कारखान्यांना हवी असणारी पाचवी रचना ३३-३४ अंशांना. आपल्या तोंडातले तापमान ३७ अंशांच्या किंचित खाली असते, त्यामुळे हातात घट्ट राहिलेला तुकडा जिभेवर पडताच विरघळतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता जिभेतूनच घेत असल्याने क्षणभर गारवाही जाणवतो. वडी चकचकीत आणि कडक व्हावी म्हणून कारखान्यात ही पाचवी रचना मुद्दाम घडवून आणतात. चीजकेकमध्ये त्या खटाटोपाची गरज नसते, कारण फ्रिजमधल्या ४-५ अंशांना कोणतीही रचना घट्टच राहते.

व्हाइट चॉकलेट वितळवताना मात्र जपावे लागते. त्यात दुधातली प्रथिने आणि साखर भरपूर असल्याने ते गडद चॉकलेटपेक्षा लवकर करपते. ४५ अंशांपुढे त्याला जाऊ देऊ नये, म्हणजे पातेल्याच्या बाहेरून हात लावल्यास चटका न बसता नुसते कोमट लागावे. त्याहून मोठा शत्रू पाणी. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वाफेचे दोन थेंब उतरले, तर रेशमासारखे पातळ झालेले चॉकलेट पाहता पाहता आवळून गोळा होते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे अतिसूक्ष्म कण चरबीच्या आवरणात सुटे तरंगत असतात. थोडेसे पाणी आले की कणांचा पृष्ठभाग पाकासारखा चिकट होतो आणि कण एकमेकांना धरून बसतात. पावसाळ्यात वाटी किंवा चमचा पुसून ठेवला तरी दमटच राहतो, तेव्हा वापरण्यापूर्वी ही भांडी कोरड्या फडक्याने पुन्हा पुसावीत. चॉकलेट आवळलेच तर टाकून देऊ नये. गरम क्रीम चमचाचमचा घालत ढवळले, की पाणी इतके वाढते की साखर त्यात विरघळून जाते आणि गोळा पुन्हा सैल होतो. थोड्या पाण्याने जे बिघडते ते अधिक पाण्याने सुधारते, ही बाब प्रथम पटत नाही, पण करून पाहिल्यावर पटते.

क्रीम चीज म्हणजे आपल्या चक्क्याचा श्रीमंत भाऊ. दूध आणि साय यांच्या मिश्रणाला जीवाणूंचे विरजण लावतात, लॅक्टिक आम्ल वाढत जाते आणि मिश्रणाचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) ४.६ च्या जवळ आला की केसीन या प्रथिनावरचा विद्युतभार नाहीसा होतो. त्या भारामुळे आजवर एकमेकांना दूर लोटणारे कण मग एकत्र येतात, आणि उरलेले पाणी निथळून काढले जाते. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधताना आपण हेच करतो. फरक राहतो तो सायीचा: अमेरिकी मानकानुसार क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी ५५ टक्क्यांहून अधिक चालत नाही, तर चक्क्यात पाणी ७० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून क्रीम चीजऐवजी चक्का वापरायचा असेल, तर तो वजनाखाली रात्रभर निथळू द्यावा आणि चॉकलेट ५० ग्रॅमने वाढवावे. निथळण्याचे काम फ्रिजमध्येच करावे. ठाण्याच्या उन्हाळ्यात नळाला टांगलेला चक्का सकाळपर्यंत इतका आंबतो, की लिंबाचा रस घालायची गरज उरत नाही.

आता मुख्य प्रसंग, म्हणजे चॉकलेट आणि चीज यांची भेट. पहिल्यांदा हा केक करताना मी वितळलेले चॉकलेट फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या चीजमध्ये ओतले. रबरी चमच्याने चार वेळा फिरवेपर्यंत पांढऱ्या मिश्रणात मोहरीएवढे पिवळसर कण दिसू लागले, आणि पुढे कितीही फेटले तरी ते गेले नाहीत. खाताना दाताखाली ते खडीसारखे लागत होते. तुपात ज्या रव्याचे आपण कौतुक करतो, तोच रवा इथे दोष ठरला होता.

यामागचा हिशेब सोपा आहे. चीजमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असल्याने त्याचे तापमान बदलायला चॉकलेटच्या जवळजवळ दुप्पट उष्णता लागते, आणि त्यात ते वजनानेही जास्त. त्यामुळे ८ अंशांच्या ३०० ग्रॅम चीजमध्ये ४० अंशांचे २०० ग्रॅम चॉकलेट मिसळले, तर ढोबळमानाने मिश्रण १६ अंशांवर स्थिरावते. कोको बटर तिथे क्षणात थिजते, चीजभर पसरायला त्याला सवडच मिळत नाही, आणि जिथे ओतले तिथेच त्याचे खडे होतात. तेच चीज तासभर बाहेर ठेवून २६ अंशांवर आणले, तर मिश्रण ३० अंशांच्या जवळ राहते. त्या तापमानाला कोको बटर बराच वेळ द्रव असते, सर्वत्र सारखे पसरते आणि पुढे फ्रिजमध्ये हळूहळू थिजताना सूक्ष्म तंतूंसारखे सगळ्या चीजमध्ये विणले जाते. तासाभराच्या या प्रतीक्षेत चीज फेटायलाही मऊ होते. खबरदारी म्हणून आधी दोन चमचे चीज चॉकलेटमध्ये घोटून घ्यावे आणि मग ते सगळे उरलेल्या चीजमध्ये घालावे, म्हणजे तापमानाचा धक्का आणखी सौम्य होतो. लिंबाचा रस याच वेळी घालावा; त्याच्या आम्लाने केसीन किंचित अधिक घट्ट होते आणि गोडाला धार येते.

क्रीमची गोष्ट मात्र याच्या नेमकी उलट आहे, आणि गोंधळ होतो तो इथेच. क्रीम, भांडे आणि फेटण्याची पाती अशी तिन्ही गार हवीत. ताक घुसळताना उन्हाळ्यात लोणी जमत नसले, की आपल्याकडे त्यात बर्फ टाकतात, त्याचेच हे शास्त्र. सायीतील चरबीचे गोलक पातळ आवरणात बंद असतात; गार असताना आतील चरबीचे काही स्फटिक झालेले असतात आणि फेटताना गोलक एकमेकांवर आपटले की हे स्फटिक आवरण भेदून दुसऱ्या गोलकात रुततात. गोलक अशा रीतीने अर्धवट जोडले जातात, त्यांच्या साखळ्या हवेच्या बुडबुड्यांभोवती वेढा घालतात आणि फेस उभा राहतो. गरम क्रीममध्ये स्फटिकच नसल्याने गोलक जोडले जाण्याऐवजी विरघळून एक होतात आणि फेस बसतो. क्रीममध्ये किमान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के स्निग्धांश असावा. भाजीत घालायची २५ टक्क्यांची फ्रेश क्रीम कितीही फेटली तरी उभी राहत नाही, कारण साखळ्या पुऱ्या करण्याइतके गोलकच तिच्यात नसतात. फेस चमच्यावर धरला असता त्याचे टोक अलगद वाकले की थांबावे. त्यापुढे लोणी निघू लागते. हा फेस चॉकलेट-चीजच्या मिश्रणात घालताना ते मिश्रण कोमट नसावे, आणि फेस हलक्या हाताने वरखाली करून मिसळावा.

तळाच्या थराविषयी फार सांगण्यासारखे नाही, पण बिस्किटे सादळलेली नकोत. कुरकुरीत बिस्किटातील पीठ आणि साखर काचेसारख्या ताठ अवस्थेत असतात. ओलावा शिरला की ती अवस्था मोडते आणि बिस्कीट मऊ पडते. वितळलेले लोणी चुऱ्याच्या कणाकणावर चढून वरच्या थरातील ओलावा अडवते आणि गार झाल्यावर चुऱ्याला एकत्र धरते. म्हणून तळ थापल्यावर वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून लोणी थिजू द्यावे आणि मगच वरचे मिश्रण ओतावे.

जिलेटिन घालावे का, हा प्रश्न शाकाहारी घरांत हमखास निघतो, कारण ते जनावरांच्या कातड्यातून आणि हाडांतून काढतात. वरच्या प्रमाणात चॉकलेट पुरेसे असल्याने त्याची गरज पडत नाही. चायना ग्रास वापरायचे झाल्यास ते आधी पाण्यात पूर्ण उकळावे लागते आणि ३५-४० अंशांना ते लगेच जमू लागते, त्यामुळे गार मिश्रणात त्याच्या गुठळ्या होतात. ज्यांना जिलेटिन चालते त्यांनी वर ताजे अननस किंवा पपई ठेवू नये. मटण मऊ करण्यासाठी आपण ज्या कारणाने कच्ची पपई लावतो, त्याच कारणाने, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकरांमुळे, जिलेटिनचे जाळे सुटते.

भरलेल्या भांड्यातला वरचा थर साधारण सव्वातीन सेंटिमीटर जाड होतो. गारवा अशा थरात आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर मधला भाग गार व्हायला चौपट वेळ लागतो. शिवाय हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले मिश्रण उष्णता सहजी वाहू देत नाही, आणि गार झाल्यानंतरही चरबीचे स्फटिक तासन्‌तास वाढत राहतात. म्हणून सहा तास हे किमान समजावे आणि जमल्यास केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. उंच केक हवा असेल, तर एका अरुंद भांड्यात सगळे भरण्यापेक्षा दोन लहान भांडी घ्यावीत.

गेल्या उन्हाळ्यात हा केक मी ठाण्याहून लोकलने ऐरोलीला, बहिणीकडे नेला. डबा उघडला तेव्हा कडा नखभर खोलीपर्यंत सैल होऊन ओघळल्या होत्या, पण मधला भाग जसाच्या तसा उभा होता. ज्या बुडबुड्यांनी रात्री गारवा आत जायला वेळ लावला होता, त्यांनीच दुपारी उष्णताही अडवली होती. तेव्हापासून डब्याभोवती बर्फाची पाकिटे आणि बाहेरून थर्माकोलची पेटी असे मी करते. केवळ आकार टिकला म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. दूधदुभत्याचा असा पदार्थ फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच पुन्हा गार करावा किंवा संपवावा.

कापण्यासाठी सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसावी आणि प्रत्येक कापानंतर तसेच पुन्हा करावे, म्हणजे पात्याला लागणारी चरबी वितळते आणि तुकड्याची बाजू गुळगुळीत निघते. कापलेला तुकडा लगेच खाऊ नये. ४ अंशांना जिभेला गोडी कमी कळते आणि कोको बटरही फार कडक असते. दहा मिनिटे ताटलीत राहिला, की चमचा आत जाताना हाताला लागणारा विरोध कमी होतो आणि व्हाइट चॉकलेटचा दुधाळ वास वर येतो.