एजंटनं कंपनी बदलली म्हणून पॉलिसी मोडायची नसते

सांगली-मिरजेकडं वर्षानुवर्षं एक समज फिरतोय, की आपला विमा एजंट दुसऱ्या कंपनीत गेला की जुनी पॉलिसी वाऱ्यावर, मग ती मोडायची आणि त्याच्या नव्या कंपनीत दुसरी काढायची. साफ चूक आहे हे. करार तुमचा आणि कंपनीचा, एजंट मधला माणूस. हप्ता ऑनलाइन नाहीतर ब्रँचमध्ये भरता येतो, क्लेमही कंपनीच देते.

नुकसान मोडण्यात आहे. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार लाइफ पॉलिसीला 3 वर्षं झाली की कंपनी कुठल्याच कारणानं ती वादात काढू शकत नाही, नवीन काढली की ही 3 वर्षं परत पहिल्यापासून, वर वय वाढलं म्हणून हप्ता जास्त, आणि मध्ये शुगर निघाली असेल तर तासगावच्या बागायतदाराला जुन्या रेटनं पॉलिसी देणार कोण?

हेल्थ पॉलिसीचं वेगळं, ती पोर्ट होते, म्हणजे न मोडता दुसऱ्या कंपनीत नेता येते, रिन्यूअलच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करायचा, जुन्या विमा रकमेपुरता आधीच संपवलेला वेटिंग पिरियड, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, धरला जातो.

आणि एजंट भावांनो, जाताना जुन्या गिऱ्हाइकाला पॉलिसी नंबर, हप्त्याची तारीख आणि ब्रँचचा फोन एका कागदावर लिहून द्या, वारसाचं नावही एकदा तपासून घ्या.