वाइन, बूच आणि पेव

मागच्या मे महिन्यात आमच्या घरी वाइनची बाटली उतली. नाशिककडून आलेली, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. टिनाच्या छपराखाली फळीवर उभी होती. एका दुपारी पाहतो तर बूच वर सरकलेलं आणि मानेवरून लाल ओघळ सुकलेला. आई म्हणाली, "हे त उतलं वाटते, बाबू." वास घेतला, तर शिजवलेल्या मनुकांसारखा. वाइन चांगलीच होती, आम्ही ठेवली चुकीच्या जागी.

वाइनला थंड, अंधारी आणि दिवसरात्र एकसारखी राहणारी जागा लागते. अशी जागा माणसाला सर्वांत आधी जमिनीच्या पोटात सापडली. जॉर्जियात सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षाच्या वाइनचे अंश मिळाले आहेत. तिथे आजही 'क्वेव्री' नावाचे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यांत वाइन करतात आणि ठेवतात. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवी वारशाच्या यादीत घेतली.

हे वाचलं तेव्हा मला आमचं पेव आठवलं. गावच्या पांढरीत खोदलेलं, आत कडब्याचा थर, पोटात ज्वारी, तोंडावर दगड आणि माती. पेव उघडलं की कोणी लगेच आत उतरत नसे. आधी दोराने कंदील सोडायचा. तो विझला की तोंड उघडं ठेवून थांबायचं. कोंडलेल्या धान्याच्या श्वासाने आतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. द्राक्षाचा रस आंबतानाही हाच वायू निघतो. वाइन आमच्याकडे नव्हती, पण ती ठेवण्याची विद्या होती. पेवं बुजली, मातीच्या भिंतींच्या जागी टिन आणि स्लॅब आले आणि थंड कोपरा घरातून गेला.

बाटली त्यामानाने अलीकडची. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीतून जाड, मजबूत काच निघू लागली आणि बुचाने बाटली घट्ट बंद करणं जमलं. अठराव्या शतकात फुगीर पोटाची बाटली लांबट होत गेली, त्यामुळे ती आडवी ठेवता आली. आडव्या बाटलीत बूच ओलं राहतं. वाळलं तर आकसतं आणि हवा आत शिरते. ही हवा वाइनचं काय करते, ते लुई पाश्चरने १८६६ च्या ग्रंथात मांडलं.

युरोपातली तळघरं साधारण १२-१३ अंशांची, ओलसर. आमच्याकडे नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता, आणि त्या दिवसांत हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. शिवाय वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी, म्हणून तिथे हा प्रश्न घरात येतच नाही. बाकी जिल्ह्यांतही नाशिकची बाटली येईपर्यंत ट्रकमधल्या उन्हाने अर्धी दमलेली असते, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडच्या बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच असतात, पुष्कळ बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. बुचाची मात्र आडवीच हवी. माळा नको, फ्रिजच्या डोक्यावरची ऊब नको, खिडकीतलं ऊन नको. हिवाळ्यात माजघरातला जमिनीलगतचा कोपरा पुरतो. यंदा मार्च लागताच आईने भाजीच्या कप्प्यातल्या मेथीच्या जुड्या बाजूला सारल्या आणि नवी बाटली तिथे आडवी ठेवली.