अहिल्यादेवी होळकर पुरस्काराचा प्रस्ताव: पोषणाचं काम करणाऱ्या बायांच्या फायली कुठे अडतात

बाळंतिणीनं काय खावं, सहा महिन्यांच्या लेकराला पहिला घास कसला द्यावा, ज्वारीच्या भाकरीसोबत जवसाची चटणी आणि शेवग्याचा पाला का हवा, हे वर्षानुवर्षं दारोदार सांगत फिरणाऱ्या बाया मराठवाड्यात गावोगाव आहेत. महिला व बाल विकास विभागाच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्काराची जाहिरात निघाली की त्यातल्या काहीजणी फाईल घेऊन माझ्याकडे येतात. ‘पोषण शिक्षण’ हे शब्द जाहिरातीत दिसत नाहीत म्हणून बिचकतात. बिचकायचं कारण नाही. महिला व बालकल्याणाच्या क्षेत्रातलं सामाजिक कार्य एवढीच अट आहे, आणि हे काम त्यात बसतं. फायली अडतात त्या दुसऱ्याच ठिकाणी.

आधी पात्रता. जिल्हास्तरीय पुरस्कार व्यक्तीला मिळतो, त्यासाठी किमान १० वर्षांचं काम लागतं, रक्कम १०,००१ रुपये. राज्यस्तरीय पुरस्काराला २५ वर्षं लागतात, रक्कम १,००,००१. मधला विभागीय पुरस्कार २५,००१ रुपयांचा, पण तो नोंदणीकृत संस्थेला मिळतो आणि संस्थेचं काम ७ वर्षांहून जास्त असावं लागतं. एकट्या बाईनं विभागीयसाठी अर्ज केलेला मी तीनदा पाहिला. तिन्ही वेळा बिचारीला कुणीतरी ‘जिल्ह्याहून मोठा भर ना’ असं सुचवलं होतं. शिवाय दलित मित्र किंवा सावित्रीबाई फुले पुरस्कार मिळाला असेल तर त्यानंतर ५ वर्षं जिल्हास्तरीय मिळत नाही, आणि जिल्हास्तरीय मिळाल्यावर राज्यासाठीही ५ वर्षं थांबावं लागतं.

पहिला घोळ कार्यालयाचा. ‘महिला व बाल विकास’ अशी पाटी जिल्ह्याच्या गावी दोन ठिकाणी असते. एक जिल्हा परिषदेत, तिथून अंगणवाड्यांचा कारभार चालतो. दुसरी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांची. प्रस्ताव द्यायचा तो दुसरीकडे. अंगणवाडीशी रोजचा संबंध असल्यानं आपल्या बाया सरळ जिल्हा परिषदेची पायरी चढतात. तिथं कुणी फाईल ठेवून घेतं, ‘पाठवतो’ म्हणतं, आणि ती तिथंच राहते. दोन कार्यालयांमधलं हे अंतर चालत दहा मिनिटांचं, पण फाईलला ते अंतर कधी कधी वर्षभर कापता येत नाही. अंगणवाडी सेविकांसाठी जिल्हा परिषदेचा आदर्श अंगणवाडी सेविका पुरस्कार असतो, त्याची वाट पर्यवेक्षिका आणि बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून जाते. त्याची फाईल आणि ही फाईल एकमेकींत मिसळू नका. आणि सेविका असून इथं अर्ज करत असाल तर मानधनाच्या कामापलीकडे काय केलं ते वेगळं लिहा. ‘आहार वाटप केला’ याला निवड समिती ड्यूटी म्हणणार, आणि त्यात तिचं फारसं चुकतंय असं मला वाटत नाही.

दुसरा घोळ नावाचा. २०२३ पासून ग्रामपंचायतीही याच नावाचा पुरस्कार देतात, गावातल्या दोन महिलांना, ३१ मे रोजी, अहिल्यादेवींच्या जयंतीला. तो गावाचा सन्मान. तो मिळाला म्हणजे जिल्ह्याचा प्रस्ताव आपोआप पुढे गेला, असं होत नाही. उलट ‘३१ मेपर्यंत मुदत असते ना?’ असं विचारत एप्रिलभर निवांत बसलेल्या दोघीजणींची तारीख मार्चमध्येच टळून गेली होती. मुदत फक्त जाहिरातीत असते. ती स्थानिक वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार बोटांच्या जागेत येते, आणि हातात दिवस मोजकेच राहतात. कधी एकाच जाहिरातीत मागच्या दोन-चार वर्षांचे प्रस्ताव एकत्र मागवतात. अशा वेळी कोणत्या वर्षासाठी अर्ज आहे ते मुखपृष्ठावर ठळक लिहा.

आता खरं दुखणं. दहा वर्षांच्या कामाचा पुरावा कुणाकडेच नसतो.

शौचालय बांधलं तर ते दिसतं, शाळा रंगवली तर फोटो निघतो. एखाद्या सासूला पटवून सुनेला हिरवी भाजी आणि दूध सुरू करायला लावलं, त्याचा कागद कुठून आणणार? मग सरपंचांच्या लेटरहेडवर ‘सदर महिला गेली दहा वर्षे उत्कृष्ट कार्य करत आहेत’ अशी एक ओळ येते, तीही आजच्या तारखेची. अशी आठ पत्रं जोडली तरी दहा वर्षं सिद्ध होत नाहीत. त्या त्या वर्षाचा कागद लागतो, आणि शोधला तर तो सापडतो. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसाच्या नोंदवहीत तुमचं नाव किंवा सही असते, तिची प्रत नर्सताईंकडून साक्षांकित करून घ्या. बचत गटाच्या इतिवृत्तात ‘आज आहारावर माहिती दिली’ अशी नोंद असते. पोषण अभियान ८ मार्च २०१८ ला सुरू झालं, तेव्हापासून सप्टेंबरच्या पोषण माहात पाककृती प्रदर्शनं होतात. त्याचे फोटो, कात्रणं कुणाच्या तरी मोबाईलमध्ये किंवा पेटीत असतात. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. निम्म्या जणी बातमीच तेवढी कापून घेतात, तारखेची पट्टी रद्दीत जाते.

बीडकडच्या बायांची आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन अर्धं गाव ऊसतोडीला जातं, त्यांच्यामागे काही कार्यकर्त्याही फडावर जातात, पालावरच्या लेकरांची वजनं घेतात, आयांना शिकवतात. गावच्या नोंदवहीत मात्र ते पाच महिने कोरे. एका बाईंच्या प्रस्तावावर त्या कोऱ्या महिन्यांवरूनच ‘कामात खंड’ असा शेरा पडला होता. जास्तीत जास्त काम त्यांनी त्याच महिन्यांत केलं होतं! असं काम असेल तर कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य उपकेंद्राचं किंवा तिथल्या अंगणवाडीचं पत्र त्याच हंगामात घेऊन ठेवा. नंतर कुणी ओळखत नाही.

कार्याचा अहवाल लिहिताना पाहणीचे आकडे भरू नका. राज्यातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय, ३५.२ टक्के मुलं खुजी, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे समितीला पाठ आहेत. तुमच्या वाडीवर किती घरांत गेलात, किती लेकरं तीव्र कुपोषणातून बाहेर आली, ते लिहा. आकडा लहान असला तरी चालतो.

चारित्र्य पडताळणीचा दाखला हा दुसरा मोठा खड्डा. पोलीस पाटलांचा चालत नाही, ठाणेदारांचाही नाही. गुन्हा दाखल नसल्याचं प्रमाणपत्र पोलीस अधीक्षकांचं लागतं. छत्रपती संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांचं, कारण मराठवाड्यात आयुक्तालय तेवढंच आहे. अर्ज ऑनलाइन, मग ठाण्याची चौकशी, मग वर सही. यात जाहिरातीची मुदत आरामात निघून जाते. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता अर्ज टाका, आणि कारणात पुरस्कारासाठी असं स्पष्ट लिहा. लेकीच्या नोकरीसाठी काढतानाच स्वतःचा काढून ठेवलेला दाखला एका ताईंना परत मिळाला, कारण वर ‘नोकरीसाठी’ असं छापलं होतं.

संस्थांनी घटना आणि नोंदणी प्रमाणपत्रासोबत धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, मंजूर आहे ना, ते बघावं. वारलेले अध्यक्ष कागदावर अजून अध्यक्ष असतात. संस्था राजकारणापासून अलिप्त हवी, तेव्हा विश्वस्तांत पक्षाचे तालुकाध्यक्ष असतील तर आधीच विचार करा. जुन्या प्रमाणपत्रावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद लिहिलेलं आहे म्हणून नवं काढायला धावू नका, ती त्रुटी नव्हे. माहेरच्या नावाचे जुने दाखले असतील तर मात्र प्रतिज्ञापत्र जोडा.

बाकी आधार, फोटो, आधीच्या पुरस्कारांची यादी, हे नेहमीचं. पानांना क्रमांक द्या, जितक्या प्रती मागितल्या तितक्या द्या.

मुदतीची तारीख म्हणजे प्रस्ताव कार्यालयात पोचण्याची तारीख. शेवटच्या दिवशी स्पीड पोस्ट केल्याची पावती तिथं कुणी बघत नाही. हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणाले तरी पोच द्यायला साहेब लागत नाहीत, आवक-जावकचा टेबल लागतो. ती पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. पुढच्या खेपेला पोलिसांचा दाखला नवा आणि मधल्या वर्षाचे कागद जोडले की तीच फाईल पुन्हा देता येते.