निवारा, सामुदायिक (कोकण)

घर गमावलेल्या किंवा मुळात हक्काचे घरच नसलेल्या कुटुंबांना गाव, संस्था वा शासन यांनी मिळून दिलेली राहण्याची तात्पुरती जागा. शहरातल्या रात्रनिवाऱ्यात एकटा माणूस पथारी पसरतो आणि उजाडले की निघून जातो. कोकणातल्या निवाऱ्यात म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत अख्खे बिऱ्हाड येते, भांडीकुंडी येतात, क्वचित शेळीही. ‘तात्पुरती’ हा शब्द मात्र जपून वापरावा असा अनुभव आहे.

कोकणात फूटपाथवर झोपलेली कुटुंबे फारशी दिसत नाहीत, म्हणून इथे बेघर कोणी नाही असे समजले जाते. बेघरपण इथे दोन वाटांनी येते. पहिली वाट पावसावाऱ्याची. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात कौले-पत्रे उडवले. माणसे ज्या शाळांच्या आसऱ्याला जातात त्यांतल्या अनेकींची छपरेही त्यात गेली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुराच्या पाण्यात होते, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ठाकर आदिवासींची इरशाळवाडी गाडली गेली.

दुसरी वाट कागदाची, आणि तिची बातमी होत नाही. कातकरी या आदिवासी समाजातल्या अनेक कुटुंबांच्या झोपड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत आहेत. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. तोवर जागा विकली गेली असेल तर भांडायला हातात उतारा नसतो.

आपत्तीनंतरचा पहिला निवारा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, नाहीतर देवळाचा सभामंडप. बाके भिंतीला लावतात, वर्गात दोरी बांधून तिच्यावर साड्या टाकतात. तोच दोन बिऱ्हाडांमधला आडोसा. पहिले दोन दिवस सामायिक खिचडी चालते, पुढे बायका स्वतःची चूल मागू लागतात. पोराला पेज कधी द्यायची आणि आजारी सासऱ्याला तिखट किती चालते, हे सामायिक टोपात बसत नाही. मदतीच्या ट्रकमधून जुने कपडे आणि बिस्किटे ढिगाने उतरतात. झाडू, बादली, आतले कपडे, पाळीच्या पट्ट्या यांची आठवण उशिरा होते. तलाठ्याचा पंचनामा, वाहून गेलेले रेशनकार्ड, आधारची नक्कल, बँकेचे पासबुक यांच्यामागे कुटुंबासोबत फिरणारा कार्यकर्ता हा निवाऱ्यातला सर्वांत उपयोगी माणूस, पण त्याच्यासाठी कोणी वर्गणी काढत नाही.

वर्ग भरवायचे म्हटले की शाळा रिकामी करावी लागते. मग येतो कंटेनर. तिवरे, तळिये आणि इरशाळवाडी या तिन्ही ठिकाणी वाचलेली कुटुंबे त्यात राहिली. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात घुसमट, आणि पावसाळ्यात छपरावर सरी कोसळू लागल्या की आतले बोलणे ऐकू येत नाही. दरड अनुभवलेल्या माणसाला त्या आवाजात झोप कशी लागावी? तळियेकरांचा २०२२ चा पावसाळाही असाच गेला. तिथली कायम घरे म्हाडाने बांधली, इरशाळवाडीची चौकजवळ सिडकोने, तर तिवऱ्यातल्या काही कुटुंबांची अलोरे येथे सिद्धिविनायक न्यासाच्या निधीतून उभी राहिली.

घरे उशिरा होतात त्याचे एक कारण सातबारा. कोकणात एका गटावर वीस-तीस सहहिस्सेदार सहज निघतात, निम्मे मुंबईला, काही वारलेले पण नाव न उतरलेले. सुरक्षित सपाट जमीन आधीच थोडी. तिच्यावर सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता वर्ष जाते.

सरकारी चौकटी दोन आल्या. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे किमान १०० जणांचा कायम निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा असा निकष होता. रत्नागिरी शहराची लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, वाड्या तर त्या हिशेबाबाहेरच. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आला आणि किनाऱ्यासाठी बहुउद्देशीय निवारा केंद्रांची तरतूद झाली. ही केंद्रे वादळाच्या दोन-तीन रात्रींसाठी असतात, बिऱ्हाडासाठी नव्हेत.

निवारा कुठे असावा, यावर कुटुंबे आणि अधिकारी यांचे सहसा जमत नाही. अधिकाऱ्याला हमरस्त्यालगतची जागा सोयीची, कोळ्याला होडी नजरेसमोर हवी, शेतकऱ्याला लावणी झालेले खाचर आणि गुरांचा वाडा. जुलैत घर गेलेल्यांना हे अंतर भाद्रपदात नेमके कळते. गणपती कोणी भावकीच्या घरी बसवतात, कोणी कंटेनरमध्येच पाट मांडून वर माटवी, म्हणजे फळा-पानांनी सजवलेली चौकट, बांधतात. संध्याकाळी आरतीची मंडळी टाळ-मृदंग घेऊन वाडीत घरोघर फिरतात. पाच-सहा किलोमीटरवरच्या कंटेनरपर्यंत ती पोचत नाहीत.